गावाच्या दाराची कडी

मी मराठीचा प्राध्यापक. नकाशा सुलटा धरला आहे की उलटा, हे कळायलाही मला जरा वेळच लागतो. असे असताना मानवी भूगोलाच्या अभ्यासावर मी चार शब्द लिहावेत, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या कॉलेजातल्या भूगोलवाल्या सरांना तर हसूच फुटेल. पण त्या शास्त्रात एक प्रकरण असे आहे की जे नकाशाने उलगडत नाही आणि मोजपट्टीनेही साधत नाही. ते म्हणजे परक्या माणसाच्या घरात शिरणे. चोरासारखे नव्हे आणि साहेबासारखेही नव्हे, माणसासारखे शिरणे. या विद्येचा धडा मला मलकापूरजवळच्या एका खेड्यात एका आजींनी दिला. फी म्हणून त्यांनी माझ्याकडून माझ्या पगाराचा आकडा वदवून घेतला.

त्या खेड्याचे नाव मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही, हीच या लेखाची गोष्ट आहे.

मी मूळचा सातारकडचा. नोकरीच्या निमित्ताने मलकापूरला आलो आणि इथेच रुजलो. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की भुसावळ मागे पडते, खानदेश संपतो आणि वऱ्हाड सुरू होतो. त्या उंबरठ्यावरच मलकापूर आहे. बुलढाण्याला जाणाऱ्या पुष्कळ मंडळींना हे गाव फक्त स्टेशन म्हणून ठाऊक असते. उतरायचे, एक चहा घ्यायचा आणि घाट चढणारी मोटार पकडायची. पण गावाला त्याचा स्वतःचा संसार आहे. कडेने नळगंगा वाहते. हंगामात कापसाच्या गाड्या येतात. बाजारात वऱ्हाडी आणि लेवा पाटलांची बोली अशा काही एकमेकींत मिसळतात की माझ्यासारख्या भाषेच्या माणसाने पिशवी विसरून नुसते ऐकत उभे राहावे!

मलकापूरच्या उत्तरेला पूर्णा नदी आहे. ती सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना खोल, काळीभोर जमीन आहे. पाहणाऱ्याला वाटावे, काय ही श्रीमंती! पण या जमिनीच्या पोटात मीठ आहे. याच भागाला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणावी तर पाणी लागते, पण ते मचूळ. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पिकाला द्यावे तर जमीन चोपण होते. म्हणून कापूस, तूर, मूग, हरभरा, जे काय व्हायचे ते पावसाच्या भरवशावर. पूर्वी नदीच्या पात्रात झिरे खणून लोक वाटी-वाटीने गोडे पाणी भरीत. 'आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण मी वर्गात अनेक वर्षे शिकवली. आडात असूनही पोहऱ्यात न येणारे पाणी मात्र मी इथे येऊन पाहिले.

६० घरे, एकच उत्तर

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी एका गावाची पाहणी करावी लागते. सरांनी विषय घेतला पाण्याचा. ४२ प्रश्नांची छापील प्रश्नावली तयार झाली. "तुम्ही चला सर, तुम्हाला इकडच्या बोलीचा नाद आहे. मुलांना उपयोग होईल," असा आग्रह झाला आणि मीही पिशवीत पाण्याची बाटली टाकून निघालो.

सरांची तयारी चोख होती. कॉलेजचे पत्र होते, ग्रामपंचायतीची परवानगी होती. सरपंचबाईंच्या यजमानांनी आमचे उत्तम स्वागत केले. सरपंचबाई आत होत्या. पोहे झाले, चहा झाला, एक छोटेसे भाषणही झाले. त्यांनी आपला एक माणूस बरोबर दिला आणि दुपारी तीनच्या आत ६० घरांचे कागद भरून झाले. मुले खुशीत होती.

संध्याकाळी कॉलेजात सरांनी गठ्ठा उलगडला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. 'पिण्याच्या पाण्याची प्रत कशी आहे?' या प्रश्नाला ६० घरांतून एकच उत्तर होते: चांगली. 'घरात दीर्घकाळ आजारी कोणी आहे काय?' यालाही एकच उत्तर: नाही. आणि सकाळी आम्ही जो चहा प्यायलो होतो, त्याचे पाणी विकतच्या कॅनमधून ओतताना आमच्याच एका विद्यार्थ्याने पाहिले होते!

"खोटे बोलले सगळे," एक मुलगा चिडून म्हणाला.

सरांनी मान हलवली. ते म्हणाले, "खोटे नाही. दार उघडले नाही. आपण ओसरीवरूनच परत आलो."

मग मुलांनी एकेक धागा काढला. वेचणीचे दिवस. बायका पहाटेच वावरात गेलेल्या. पाणी भरतात बायका आणि उत्तरे दिली पुरुषांनी. शिवाय बरोबर सरपंचांच्या घरचा माणूस. त्याच्या देखत कोण म्हणणार की गावाचे पाणी वाईट आहे? आणि आमची प्रश्नावली कशी, तर 'आपल्या कुटुंबातील एकूण सदस्यसंख्या किती?' हा प्रश्न ऐकून एक आजोबा उठून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. त्यांना वाटले असावे, हे प्रकरण कोर्टाचे आहे!

कागदाची भीती

पण याहून खोल कारण होते. वऱ्हाडाला 'पाहणी' ही गोष्ट नवी नाही. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६७ साली त्यांनी इथली माणसे मोजली. त्याच साली रेल्वे नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवीमुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव येऊन गेला होता, त्यामुळे साहेबाला या काळ्या मातीत भारी रस. १८७० साली लायलसाहेबाने वऱ्हाडाचे गॅझेटिअर सिद्ध केले. त्यानंतर कितीदा तरी कोणी ना कोणी कागद-पेन्सिल घेऊन आले आणि बहुतेक वेळा त्यांच्या मागून सारा, कर किंवा कायदा आला. खेड्यातल्या माणसाने यातून एक शहाणपण गोळा केले: जो विचारतो तो लिहितो, आणि लिहिलेले केव्हातरी परत येते.

आजही तेच आहे. शेजारच्या नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प आहे. धरणात गावे जायची म्हणजे आधी मोजणी आली. त्यामुळे या भागात चार शहरी माणसे फायली घेऊन दिसली की पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की आता आमचे काय जाणार?

दारात न जाता माहिती मिळवायची युक्तीही आपल्याकडे होऊन गेली आहे. ग्रियर्सनसाहेबाने हिंदुस्थानातील भाषांची प्रचंड पाहणी केली. मराठीचा खंड १९०५ साली निघाला. पद्धत कशी? बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडे धाडायची आणि स्थानिक बोलीत उतरवून मागवायची. काम अचाट खरे, आम्ही भाषेचे लोक अजून त्याच्यापुढे हात जोडतो. पण त्या बोलीत आई लेकराला कशी रागावते किंवा पाण्याला गेलेल्या बायका काय बोलतात, हे त्या गोष्टीत कसे सापडणार? ते ऐकायला पाणवठ्यावरच जावे लागते.

आणि गेले तरी कोणाच्या ओसरीवर उतरलात, यावर बरेच अवलंबून. एम. एन. श्रीनिवास हे समाजशास्त्रातले मोठे नाव. १९४८ साली ते म्हैसूरकडच्या एका खेड्यात राहिले. त्या गावाला त्यांनी रामपुरा असे टोपणनाव दिले. त्यांचा मुक्काम होता गावच्या मुखियाच्या बैलांच्या घराला लागून. मुखियाचा पाहुणा म्हणून त्यांना मान मिळाला, पण दलित वस्तीत ते फार वावरलेले यजमानांना रुचत नसे. आपण गाव पाहिले ते वरच्या जातींच्या नजरेने, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. १९७० साली अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांची टिपणे जळाली. आठवणीवरून त्यांनी जो ग्रंथ लिहिला, तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. कागद जळाले आणि माणसे उरली, असे मला त्या हकिगतीबद्दल नेहमी वाटते.

आम्हीही सरपंचांच्या ओसरीवर उतरलो होतो. त्यांचा काही दोष नव्हता. पण तिथून गावाचे एकच तोंड दिसत होते.

पगार किती भेटते?

वाट सापडली ती बाजारात. आमच्या इरावतीबाई कर्वे यांनी हेमलता आचार्य यांच्यासह आठवडी बाजारांचा अभ्यास केला होता. १९७० साली, म्हणजे बाई गेल्या त्याच वर्षी, तो पुस्तकरूपाने आला. बाजार म्हणजे केवळ देवघेव नव्हे, तिथे माणसे एकमेकांना भेटतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, निरोप पोचतात. बाजारात परका असा कोणी नसतो. तिथे कोणाशीही बोलायला परवानगीचे पत्र लागत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची मावशी त्या गावात दिलेली होती. मलकापूरच्या आठवडी बाजारात तिने मला हाक मारली आणि मावशीच्या सासूबाईंची गाठ घालून दिली. त्याच आमच्या आजी. समोर मुगाचे छोटेसे गाठोडे, अंगावर नऊवारी, डोळे मोठे चलाख. मी मूग घेतले. भाव केला नाही म्हणून त्यांनी मला आधी मूर्खात काढले आणि मग म्हणाल्या, "या कदी घरी. पन थे कागद नका आनू."

पुढच्या रविवारी मी आणि ती मुलगी गेलो. कागद नेले नाहीत. घर गावाच्या खालच्या अंगाला. संध्याकाळची वेळ, बायका वावरातून परतलेल्या. मी ओसरीवर टेकलो. काय विचारावे याचा विचार करतो आहे, तोच आजींनीच सुरुवात केली.

"गाव कोन्तं तुमचं?"

सांगितले.

"लेकरं किती?"

"दोन."

"घर सोताचं का भाड्याचं?"

"स्वतःचे. कर्जाचे हप्ते चालू आहेत."

"पगार किती भेटते?"

वाचकहो, खरे सांगतो, माझी जीभ अडली. आपल्या मध्यमवर्गात पगार ही फार खासगी गोष्ट. सख्ख्या भावाला आपण आकडा सांगत नाही. सांगितलाच तर त्यातून निम्मा कापून सांगतो! मी काहीतरी पुटपुटलो, "असतो आपला, भागते."

आजी हसल्या. ओसरीवर आता पाच-सहा बायका जमल्या होत्या, त्याही हसल्या. मग आजी म्हणाल्या, "काहून लाजू राह्यले? तुमच्या पोरायनं तं आमाले इचारलं, वावर किती, कर्ज किती, घरात बिमार कोन. आमी सांगाचं अन् तुमी लिहाचं. अन् तुमचं काई सांगाचं नाई?"

४२ प्रश्नांची आमची प्रश्नावली त्या एका वाक्याने निकालात निघाली. मी आकडा सांगितला. पुरा सांगितला, कर्जाच्या हप्त्यासकट. क्षणभर शांतता पसरली. मग एक बाई गंभीरपणे म्हणाली, "हप्ता लय हाये बाप्पा तुमचा." माझ्या संसाराची अशी सहानुभूतीने विचारपूस पूर्वी कोणी केली नव्हती.

त्या संध्याकाळी मला कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळाला. त्यानंतर हिवाळाभर मी दर रविवारी जात राहिलो. कधी सरही आले. त्यांनीही मुकाट्याने पगार सांगितला. आणि हळूहळू गाव बोलू लागले. कोणत्या घरी किती कॅन येतात, ते विकत घेणे कोणाला झेपत नाही, कोणाची सून किती लांबून घागर आणते. आजींचा धाकटा मुलगा मूत्रपिंडाच्या आजाराने अंथरुणाला होता. आठवड्यातून दोनदा त्याला गाडी करून दवाखान्यात न्यावे लागे. या पट्ट्यात ही तक्रार गावोगाव ऐकू येते.

"मग त्या दिवशी पाणी चांगले आहे असे का सांगितले?" मी एकदा विचारले.

आजींनी अंगणात सायकल पुसत असलेल्या नातवाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "मांगं असेच लोक आल्ते. लिहून नेलं. गावाच्या नावानिशी पेपरात आलं, पानी खराब, मानसं बिमार. त्या साली दोन सोयरिकी मोडल्या गावातल्या. अशा गावाले पोरगी कोन देईन?"

आम्ही पाण्याचे क्षार मोजायला निघालो होतो. त्या पाण्यात गावाच्या लेकरांची लग्ने विरघळत होती, हे कोणत्याही रकान्यात नव्हते.

एका गावाचे दोन कागद

सर अहवाल लिहायला बसले आणि आमच्या दोघांत पहिला खटका उडाला. मी म्हटले, गावाचे नाव घालू नका. सर म्हणाले, "नाव नसलेला नकाशा म्हणजे पत्ता नसलेले पत्र. उद्या कोणाला या गावाला पाणी द्यावेसे वाटले, तर त्याने कुठे द्यायचे?" त्यांचेही खोटे नव्हते. दुःख लपवले तर त्यावर इलाज होत नाही आणि सांगितले तर सोयरीक तुटते!

आमच्या विद्यार्थिनीने मार्ग सुचवला. ती म्हणाली, "सर, त्यांनाच वाचून दाखवू या ना."

मोठी साधी गोष्ट, पण दोन प्राध्यापकांना सुचली नव्हती. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा भरते. त्या सभेत मुलीने सगळा अहवाल वऱ्हाडीत सांगितला. दोन ठिकाणी बायकांनी चूक काढली. एका ठिकाणी म्हणाल्या, हे खरे आहे पण खोडा. आम्ही खोडले. नावाचा प्रश्न निघाला, तेव्हा बराच गलका झाला. शेवटी आजींनी निवाडा केला. "कागद दोन करा. एक कालेजचा, त्यात नाव नाई. एक अर्जाचा, पान्यासाठी. त्यात नाव पायजेच. नाई तं पानी दुसऱ्याच गावाले जाईन!"

सरांनी तसेच केले. कॉलेजच्या अहवालात ते गाव 'गाव क्रमांक ३' आहे. अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह पुढे गेला. तो अजून या टेबलावरून त्या टेबलावर प्रवास करतो आहे. पाणी अद्याप आलेले नाही, हे इथे सांगितले पाहिजे.

एका बापाचा प्रश्न

इथे लेख संपता तर बरे झाले असते. आम्ही शहाणे ठरलो असतो. पण दार उघडून आत गेले की बाहेर येताना हात रिकामे नसतात.

चैत्रात एका संध्याकाळी मी मलकापूर स्टेशनवर कोणाला तरी पोचवायला गेलो होतो. एक सभ्य गृहस्थ पुढे आले. "राम राम सर. तुम्ही त्या गावात नेहमी जाता म्हणे," असे म्हणून त्यांनी गावाचे नाव घेतले. माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्या मुलीसाठी स्थळ आले होते. मुलगा दसरखेडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. चांगला, निर्व्यसनी. तो आजींचाच नातू.

"सर, तुम्ही शिकलेले माणूस. खरे सांगा. तिथले पाणी कसे आहे हो?"

बोला! काय सांगावे मी? 'चांगले आहे' म्हणावे, तर या माणसाची लेक उद्या तेच पाणी भरणार, तेच पिणार. मलाही एक मुलगी आहे. 'वाईट आहे' म्हणावे, तर ज्या ओसरीवर भाकरी खाल्ली, तिच्याच मुळावर यावे. गाडी आली, गाडी गेली. मी म्हणालो, "मला दोन दिवस द्या."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी कॉलेजात रजा टाकली आणि आजींकडे गेलो. जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हातातले गहू निवडत राहिल्या. मला वाटले, आता हे दार कायमचे लागले.

मग त्या म्हणाल्या, "त्यायले घेऊन या."

मी त्या गृहस्थांना घेऊन गेलो. आजींनी दोन तांबे समोर ठेवले. "पयले हे प्या. हे आमचं पानी. मंग हे प्या. हे आमी इकत आनतो." गृहस्थांनी पहिला घोट घेतला. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. मग आजींनी त्यांना आतल्या खोलीत नेले आणि अंथरुणावरचा मुलगा दाखवला. काहीही लपवले नाही. निघताना एवढेच म्हणाल्या, "आता तुमच्या मनाले जे वाटीन थे करा. पन गावात कोनी खोटं सांगतलं असं म्हनू नका."

पंधरा दिवस निरोप आला नाही. त्या दिवसांत मी आरशात पाहायचे टाळत होतो. एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी आम्ही हिवाळाभर त्या उंबऱ्यावर बसलो होतो, आणि त्या उत्तराची किंमत आता एक पोरगा मोजणार होता. शास्त्रात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. घरगुती मराठीत याला खाल्ल्या घरचे वासे मोजणे म्हणतात.

सोळाव्या दिवशी होकार आला. अट एकच, लग्नानंतर जोडप्याने मलकापुरात खोली करून राहायचे. आजींनी अट ताबडतोब मान्य केली. "थे तं मीच सांगनार होती," म्हणाल्या.

नकाशावरचा बाण

सरांच्या अहवालाच्या शेवटी एक नकाशा आहे. त्यात गाव क्रमांक ३ पासून मलकापूरकडे एक बारीक बाण काढलेला आहे. खाली लिहिले आहे: स्थलांतर. पूर्वी असा बाण पाहून मी पान उलटले असते. आता त्या बाणाच्या एका टोकाला मला एक भाड्याची खोली दिसते, तिच्यात नळाचे पाणी आहे आणि नवी नवरी ते हंड्यात भरते आहे. दुसऱ्या टोकाला एक ओसरी दिसते, तिथे एक आजारी माणूस आहे आणि घागर उचलायला आता एक हात कमी आहे.

परक्या घरात शिरायचे कसे, असे भूगोलाची मुले मला हल्ली विचारतात. मी त्यांना सांगतो, परवानगीच्या पत्राने रस्ता मिळतो, उंबरा मिळत नाही. दाराची कडी आतल्या बाजूला असते, ती घरच्यांनीच काढावी लागते. आणि ती काढल्यावर तुम्ही नुसते पाहुणे राहत नाही. त्या घराच्या बऱ्यावाइटाला जबाबदार होता. तेवढी तयारी असेल तर जा, नाहीतर ग्रियर्सनसाहेबासारखी घरी बसून गोष्ट मागवा. ते अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

लग्नाला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. वरण-बट्टीचा बेत होता. आजींनी माझ्या बायकोला शेजारी बसवून घेतले आणि नव्या व्याहीमंडळींना माझी ओळख करून दिली, "हे आमचे मलकापूरचे सर. पगार सांगनारे."

मंडपात हशा पिकला. हशा ओसरल्यावर आजींनी माझ्याकडे वळून विचारले, "आता वाढला का जी?"

मी आकडा सांगितला.